ईएसपी३२ मधल्या 'चोरदरवाज्या'चा मेसेज आणि वायरलेस चिपमधल्या त्रुटी : आपण काय करायचं?

पंपवाला_भोसरी

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतो. थ्री फेज मोटर चालू-बंद करायची, फेज उडाला किंवा विहिरीतलं पाणी तुटलं की मोटर थांबवायची, एवढं त्याचं काम. आत ईएसपी३२ मॉड्यूल, म्हणजे वाय-फाय-ब्लूटूथची छोटी चिप, असतं, ते बुधवार पेठेतून, तपकीर गल्लीतून घेतो. सेटिंग मोबाईलच्या अ‍ॅपमधून ब्लूटूथवर होतं.

नारायणगावच्या एका डीलरने मेसेज पाठवलाय : 'ईएसपी३२ चिपमध्ये चोरदरवाजा सापडला, जगात एक अब्जाहून जास्त चिप विकल्या गेल्यात, कोणीही लांबून ताबा घेऊ शकतो.' सोबत परदेशी बातमीचा फोटो. आधी खुलासा द्या, मग पुढची ऑर्डर, असं त्याचं म्हणणं. मला पॅनेल, वायरिंग, मोटर यातलं कळतं. प्रोग्रॅम एक मुलगा बाहेरून लिहून देतो. बातमी खरी आहे का? खरी असेल तर शेतात बसवलेल्या मालाचं काय करायचं? जाणकारांनी नीट समजावून सांगावं ही विनंती.

फर्मवेअरताई

दादा, बातमीला आधार आहे, पण 'लांबून ताबा' हे खरं नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये माद्रिदच्या रूटेडकॉन परिषदेत टार्लॉजिक या स्पॅनिश कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की ईएसपी३२ च्या ब्लूटूथ भागात २९ आज्ञा अशा आहेत ज्यांचा कागदपत्रांत कुठेही उल्लेख नाही. त्या वापरून चिपची मेमरी वाचता-लिहिता येते, ब्लूटूथचा पत्ता बदलता येतो, अगदी खालच्या पातळीवरची पॅकेट हवेत सोडता येतात. टार्लॉजिकने आधी याला 'बॅकडोअर' म्हटलं होतं, टीका झाल्यावर तो शब्द मागे घेतला. त्रुटींच्या सीव्हीई या जागतिक यादीत सीव्हीई-२०२५-२७८४० या क्रमांकाने त्याची नोंद आहे.

आता या आज्ञा द्यायच्या कुठून? ब्लूटूथचे दोन भाग असतात. वरचा 'होस्ट', जिथे आपला प्रोग्रॅम चालतो, आणि खालचा 'कंट्रोलर', जो रेडिओ सांभाळतो. दोघांच्या मधल्या वाटेला एचसीआय म्हणतात. या २९ आज्ञा त्याच वाटेने होस्टकडून कंट्रोलरकडे जातात, हवेतून येत नाहीत. तुमच्या मालात दोन्ही भाग एकाच चिपच्या पोटात आहेत. म्हणजे या आज्ञा देण्यासाठी हल्लेखोराचा कोड आधीच तुमच्या चिपवर चालू असायला हवा, आणि तेवढं जमलं असेल तर त्याला या आज्ञा लागतातच कशाला? मोटर तो तशीही चालवेल. चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफनेही हाच खुलासा केला : या डिबगिंगच्या आज्ञा आहेत, ब्लूटूथवरून किंवा इंटरनेटवरून त्या चालवता येत नाहीत, आणि त्या फक्त मूळ ईएसपी३२ मध्ये आहेत, सी, एस आणि एच मालिकांत नाहीत. दुसऱ्या एखाद्या प्रोसेसरला यूएआरटीच्या तारांनी ईएसपी३२ जोडून तो नुसता ब्लूटूथ रेडिओ म्हणून वापरला असेल, तर मात्र थोडा विचार करावा लागतो. तुमचं तसं नाही.

डीलरला एवढं सांगा, त्याचं समाधान होईल. माझं समाधान मात्र यावर होत नाही, कारण या मेसेजच्या गडबडीत खरी धोक्याची जागा बाजूला राहते.

ऑगस्ट २०२१ मध्ये 'ब्रॅकटूथ' जाहीर झालं. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनच्या लोकांनी अनेक कंपन्यांच्या चिपमध्ये, क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, ब्लूटूथच्या भागात, १६ त्रुटी शोधल्या. ईएसपी३२ मधली त्यातली एक, सीव्हीई-२०२१-२८१३९, हवेतून वापरता येणारी होती. पासवर्ड नको, आधीची जोडणी नको, फक्त रेंजमध्ये उभं राहायचं. साठवलेली सेटिंग्ज पुसणं, वाय-फाय बंद पाडणं, एवढंच नाही तर चिपच्या पायांवरचा सिग्नल बदलणंही त्यांनी शक्य असल्याचं दाखवलं. दादा, तुमचा रिले कशावर बसलाय? अशाच एका पायावर. एस्प्रेसिफने पॅच दिला होता. तो ईएसपी-आयडीएफच्या, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअर संचाच्या, नव्या आवृत्त्यांत आला. पण जुन्या आवृत्तीवर बांधून चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम आपोआप सुधारत नाही.

म्हणून मला तीन गोष्टी सांगा. क्लासिक ब्लूटूथ वापरता की बीएलई, म्हणजे कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ? प्रोग्रॅम कुठल्या आवृत्तीवर बांधलाय? आणि मोबाईल जोडताना पिन विचारतात का?

कोथरूडकर_०७

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाच मेसेज फिरतोय. ताईंचा प्रतिसाद तिथे टाकतो, चालेल ना? वाचनखूण साठवली आहे.

सदाशिवपेठी_काका

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. आमच्या वेळी दोष म्हणजे रिलेचा काँटॅक्ट जळाला किंवा सोल्डर सुटलं. चिप तर सिलिकॉनची. तिच्यात 'पॅच' मारतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि वाय-फायच्या चिपमधून शिरलेला माणूस फोनपर्यंत पोचतो कसा, हे कोणी सविस्तर सांगेल का?

बाणेर_ड्रायव्हरवाला

काका, मी वाय-फायच्या ड्रायव्हरवर काम करतो, म्हणून लिहितो.

आजची वाय-फाय किंवा ब्लूटूथची चिप म्हणजे एक स्वतंत्र कॉम्प्युटर आहे. तिच्यात स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते आणि स्वतःचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर. फोनच्या मुख्य प्रोसेसरला ऊठसूट जागं करायला लागू नये म्हणून बरीचशी कामं ही चिप परस्पर उरकते. हवेतून आलेलं पॅकेट सगळ्यात आधी वाचते ती हीच. म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर पहिल्यांदा उघडणारा प्रोग्रॅम या छोट्या कॉम्प्युटरवर असतो, आणि कित्येक वर्षं या कॉम्प्युटरांवर फोनच्या मुख्य भागासारखी संरक्षणं नव्हतीच.

२०१७ चं 'ब्रॉडपॉन' बघा. निताय आर्टेनस्टाइन या संशोधकाने ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३ मालिकेतल्या वाय-फाय चिपमध्ये ही त्रुटी शोधली. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत या चिप होत्या. वाय-फायच्या जोडणीत दोन्ही बाजू एकमेकांना आपली माहिती छोट्या तुकड्यांत पाठवतात. त्यातल्या एका तुकड्याची लांबी चिप नीट तपासत नव्हती. ठरल्यापेक्षा लांब तुकडा आला की तो शेजारच्या मेमरीवर सांडायचा. मेमरीतल्या जागा दर वेळी बदलण्याची सोय चिपमध्ये नव्हती, आणि जिथे माहिती लिहिता येते तिथूनच कोड चालवायलाही मुभा होती. फोनधारकाने काही दाबायची गरज नव्हती, वाय-फाय चालू असणं पुरेसं होतं. त्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाच्या गॅल बेनिआमिनी यांनी पुढचा टप्पा दाखवला : अशा चिपमधून फोनच्या मुख्य प्रोसेसरपर्यंत कसं पोचता येतं तो. अ‍ॅपल आणि गूगलने २०१७ मध्येच पॅच दिले. पॅच म्हणजे नवं फर्मवेअर. फोन सुरू होताना ते चिपमध्ये भरलं जातं. सोल्डरिंगचा प्रश्न येत नाही.

दुसरं उदाहरण 'क्रूक'चं, ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलेलं. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मेमरीची भानगडच नाही, नुसती कामाच्या क्रमातली चूक आहे. वाय-फाय तुटलं की चिप एन्क्रिप्शनची किल्ली पुसते, म्हणजे तिथे सगळी शून्यं भरते. हे योग्यच आहे. पण पाठवायच्या रांगेत उरलेली पॅकेट ब्रॉडकॉम आणि सायप्रेसच्या काही चिप त्यानंतरही पाठवत होत्या, आणि ती शून्यांच्या किल्लीने एन्क्रिप्ट होत होती. म्हणजे कोणालाही उघडता येतील अशी. जोडणी तोडायला लावणारी फ्रेम बाहेरचा माणूस पाठवू शकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा जोडणी तोडून दर वेळी काही किलोबाइट गोळा करू शकत होता. ईसेटच्या अंदाजाने एक अब्जाहून जास्त उपकरणं यात येत होती. एचटीटीपीएसने गेलेला मजकूर तरीही सुरक्षित होता, हेही सांगायला हवं. नाहीतर लोक उगाच बँकेची अ‍ॅप काढून टाकतात.

यातून फोन लवकर सावरले. राउटरचं काय झालं, ते घरोघरी जाऊन बघावं लागेल. केबलवाल्याने लावून दिलेला राउटर बसवल्यापासून कोणी अपडेट केलाय, असं माझ्या ओळखीत क्वचितच दिसतं.

सदाशिवपेठी_काका

आता उलगडा झाला. आभारी आहे.

पंपवाला_भोसरी

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला विचारून घेतलं. बीएलईच वापरतो, क्लासिक बंद आहे. प्रोग्रॅम अर्डुइनो या साधनात लिहिलाय, त्याची २.० मालिका आहे. पिन नाही, अ‍ॅप उघडलं की थेट जोडलं जातं. शेतकऱ्याला सोपं जावं म्हणून तसं ठेवलंय. विहिरीवर उभं राहून, उन्हात, पिन कोण टाकत बसणार?

फर्मवेअरताई

क्लासिक बंद असल्यामुळे ब्रॅकटूथची ती वाट तुमच्याकडे नाही. चांगली गोष्ट आहे.

आवृत्तीचं मात्र बघायला हवं. अर्डुइनोची २.० मालिका ईएसपी-आयडीएफ ४.४ वर उभी आहे. एस्प्रेसिफ प्रत्येक स्थिर आवृत्तीला ३० महिने आधार देते. ४.४ जानेवारी २०२२ मध्ये आली, तिची मुदत जुलै २०२४ ला संपली. उद्या बीएलईच्या भागात काही सापडलं तर ४.४ साठी पॅच येणार नाही. अर्डुइनोच्या ३ मालिकेतल्या आवृत्त्या ५.१ पासून पुढच्या आयडीएफवर आहेत. नवीन उत्पादन त्यातल्या ताज्या आवृत्तीवर न्या.

पण सगळ्यात आधी पिनचं बघा. आज कोणीही मोबाईलवर एनआरएफ कनेक्ट हे फुकट अ‍ॅप उतरवलं, तुमच्या कंट्रोलरजवळ उभं राहिलं, तर त्याला यादीत कंट्रोलर दिसेल. जोडल्यावर सगळ्या कॅरेक्टरिस्टिक, म्हणजे सेटिंगचे कप्पे, दिसतील, आणि ज्यात लिहिता येतं त्यात तो लिहील. ड्राय रनची करंट मर्यादा शून्य केली तर विहीर कोरडी पडल्यावरही मोटर फिरत राहील आणि वाइंडिंग जळेल. यासाठी संशोधक लागत नाही, २९ छुप्या आज्ञाही लागत नाहीत. चिप यात निर्दोष आहे.

शंकासूर

ताई, माहिती उत्तम आहे, पण जरा प्रमाण ठेवू या. जुन्नर तालुक्यातल्या शेतात ब्लूटूथ हॅक करायला कोण येणार आहे? संशोधक परिषदांसाठी असलं शोधतात. छोट्या उद्योजकाला घाबरवून त्याचा खर्च वाढवण्यात काय अर्थ आहे?

पंपवाला_भोसरी

शंकासूर, तुमचा मुद्दा समजतो. पण तुम्ही सामाईक विहीर बघितली आहे का? चार भावांची एक विहीर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, वीज कधी रात्रीची तर कधी दिवसाची, आणि त्यावरून कोर्टापर्यंत गेलेली भांडणं. परदेशातून येणाऱ्या हॅकरची मला चिंता नाही. बांधावरचा माणूस दुसऱ्याच्या पाळीत मोटर बंद करू शकतो, हे ताईंचं वाचून लक्षात आलं. त्यावरून तंटा झाला तर आमच्या मालाचं नाव जाईल.

फर्मवेअरताई

अगदी हेच. हल्ला कोण करेल हे चिपवरून ठरत नाही, वस्तू कुठे बसली आहे त्यावरून ठरतं.

यात खर्च फारसा नाही. लिहिण्याच्या कॅरेक्टरिस्टिकला एन्क्रिप्शन आणि ऑथेंटिकेशन, दोन्ही बंधनं लावा. प्रत्येक नगाला वेगळी सहा आकडी पासकी द्या, स्टिकर पॅनेलच्या झाकणाच्या आतून लावा. फक्त पासकीवर विसंबू नका; तीच पासकी कायम राहिली तर बीएलईच्या पद्धतीत ती प्रयत्नागणिक थोडीथोडी उघडी पडते. म्हणून पॅनेलच्या आत एक बटण द्या, आणि ते दाबल्यावर दोन मिनिटंच नवा मोबाईल जोडता येईल असं करा. पॅनेलला कुलूप असतंच. एकदा जोडलेला मोबाईल लक्षात राहतो, त्यामुळे शेतकऱ्याला रोज उन्हात काही टाकावं लागणार नाही.

सिंहगडरोडकर

थोडं अवांतर, पण धागा याच विषयाचा आहे म्हणून विचारते. फोनच्या मोडेमचं काय? आणि ब्लूटूथ इअरफोनचं? मुलं दिवसभर कानात घालून असतात.

बाणेर_ड्रायव्हरवाला

मोडेमचं, म्हणजे फोनला मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपचं, मला वाय-फायपेक्षा गंभीर वाटतं, कारण तिथे जवळ यायचीही गरज नसते. मार्च २०२३ मध्ये प्रोजेक्ट झीरोने सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममधल्या १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या चार अशा की समोरच्याचा फोन नंबर माहीत असला की इंटरनेटवरून मोडेमवर ताबा घेता येईल. पिक्सेल ६ आणि ७, गॅलेक्सी एम३३, एम१३, ए५३ असे फोन यादीत होते. पॅच येईपर्यंत वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्टी (फोरजीवरून होणारे कॉल) बंद ठेवा, असा सल्ला त्यांनी दिला. आपल्याकडे तो निम्म्या लोकांना पाळता येण्यासारखा नव्हताच. जिओला टूजी-थ्रीजी नाही, व्होल्टी बंद केलं की साधा कॉलही लागत नाही. असे सल्ले आपल्या नेटवर्कवर चालतील का, हे इथल्या कोणीतरी तपासून सांगायला हवं असं मला कळकळीने वाटतं. अपडेट आलेला असेल तर घ्या, आणि ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणं थांबलंय तो बदलायचा विचार करा.

इअरफोनसाठी : जून २०२५ मध्ये जर्मनीच्या ईआरएनडब्ल्यू या संस्थेने एरोहा कंपनीच्या ब्लूटूथ चिपमधल्या तीन त्रुटी मांडल्या. सोनी, बोस, जेबीएल, मार्शल अशा नामवंत ब्रँडच्या काही मॉडेलमध्ये या चिप आहेत. जोडणी न करताही जवळपासच्या माणसाला हेडफोनची मेमरी वाचता येत होती. तिथून फोनबरोबरची किल्ली काढून स्वतःच हेडफोन असल्याचं भासवता येत होतं. सोपा हल्ला नाही, साधारण दहा मीटरच्या आत असावं लागतं आणि ज्ञानही लागतं. मुलांच्या बाबतीत काळजीचं कारण नाही. पत्रकार, वकील यांनी मात्र लक्ष द्यावं. एरोहाने ब्रँडना दुरुस्ती दिली आहे. आपल्यापर्यंत ती ब्रँडच्या अ‍ॅपमधून येते, आणि बहुतेकांनी ते अ‍ॅप उतरवलेलंच नसतं. आज रात्री घरातल्या सगळ्यांच्या इअरफोनचं अपडेट बघून घ्या.

चाकण_शिफ्टवाला

गाड्यांचंही लिहितो. जुलै २०२५ मध्ये 'परफेक्टब्लू' जाहीर झालं. ओपनसिनर्जीच्या ब्लूएसडीके या ब्लूटूथ सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी, मर्सिडीज, फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या काही इन्फोटेनमेंट युनिटवर दाखवल्या. ओपनसिनर्जीने सप्टेंबर २०२४ मध्येच ग्राहक कंपन्यांना पॅच दिले होते. मधले सगळे महिने तो पॅच पुरवठादार, मग गाडीवाली कंपनी, मग सर्व्हिस सेंटर असा फिरत होता. आम्ही सुटे भाग बनवणारे ही साखळी रोज बघतो. स्क्रूची बॅच खराब निघाली तर दोन दिवसांत लाइन थांबते. सॉफ्टवेअरची बॅच खराब निघाली तर कोणाची लाइन थांबत नाही.

फर्मवेअरताई

चाकणकर, लाखमोलाचं लिहिलंत. चिपवाल्याने पॅच दिला, मॉड्यूलवाल्याने तो घेतला की नाही माहीत नाही, आणि वस्तू विकणाऱ्याकडे तो शेतात पोचवायची सोयच नाही. या धाग्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिथेच अडकते आहे. आपल्याकडे वायरलेस वस्तूला ईटीए, म्हणजे सरकारी मंजुरी, लागतं, पण त्यात बघतात ती फ्रिक्वेन्सी आणि पॉवर. युरोपात १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी बंधनकारक झाल्या. निर्यात करणाऱ्यांना ते करावंच लागतंय. इथे विकणाऱ्याने मनावर घेतलं तरच होईल.

पंपवाले दादा, तुमच्या प्रोग्रॅमवाल्या मुलाला एक विचारा. अर्डुइनोच्या टूल्स मेनूत पार्टिशन स्कीम, म्हणजे चिपच्या मेमरीची वाटणी, कुठली निवडली आहे? वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही घेतलं की प्रोग्रॅम नेहमीच्या जागेत मावत नाही, मग बरेच जण 'ह्यूज अ‍ॅप, नो ओटीए' निवडून मोकळे होतात. तसं असेल तर ओटीएने, म्हणजे हवेतून, अपडेट देता येत नाही, कारण नवा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला दुसरा कप्पाच नसतो.

पंपवाला_भोसरी

तेच निवडलंय. नो ओटीए.

फर्मवेअरताई

मग नव्या मालासाठी 'मिनिमल स्पिफ्स' घ्या. त्यात १.९ एमबीचे दोन कप्पे मिळतात. ब्लूटूथसाठी ब्लूड्रॉइडऐवजी निंबल लायब्ररी वापरली तर प्रोग्रॅम बराच लहान होतो, त्या जागेत आरामात बसेल. अपडेटवर सहीची तपासणी लावा, नाहीतर ओटीए हीच नवी वाट होईल. सहीची किल्ली त्या मुलाच्या लॅपटॉपवर एकटी ठेवू नका, एक प्रत तुमच्या तिजोरीत हवी.

बसवलेल्या मालाला केबल लावूनच प्रोग्रॅम बदलावा लागेल. पावसाळ्यात पंप बंद असतात, डीलरचा माणूस सर्व्हिसिंगला फिरतो, तेव्हा लॅपटॉप सोबत द्या. आधी सामाईक विहिरींवरचे नग घ्या.

पंपवाला_भोसरी

ताई, फार आभार. डीलरला हे सगळं प्रामाणिकपणे कळवतो, पावसाळ्यातल्या सर्व्हिसिंगसकट. शेवटचा प्रश्न : तपकीर गल्लीतून मॉड्यूल घेताना काही बघायचं का? दुकानदाराकडे जुना स्टॉकही असतो.

बाणेर_ड्रायव्हरवाला

बघायचं. मॉड्यूलच्या पत्र्यावर वरूम-३२ई लिहिलेलं घ्या, त्यात चिपची तिसरी आवृत्ती असते. २०१९ मध्ये जुन्या आवृत्तीच्या चिपमधून, व्होल्टेजला झटका देऊन, आतल्या गुप्त किल्ल्या बाहेर काढून दाखवल्या गेल्या होत्या. त्याला वस्तू हातात लागते, पण शेतातली पेटी हातात येणं अवघड नाही. सिक्युअर बूटची (सही असलेलाच प्रोग्रॅम चालू देण्याची) नवी पद्धतही तिसऱ्या आवृत्तीपासूनच चालते. पत्र्यावरच्या छपाईवर पूर्ण भरवसा ठेवू नका. एक नग घरी आणून प्रोग्रॅम भरताना स्क्रीनवर येणारी ओळ वाचा : 'डी०डब्ल्यूडी-व्ही३, रिव्हिजन ३' किंवा त्यापुढचं दिसलं तर बाकीचा डबा घ्या. रिव्हिजन १ दिसलं तर परत करा.